नवरदेवाचा फेटा आन् मोटारीचा पंप

…आन् वरतून लोक मलेच इचारतात, "जानराव, तुमाले आधी समजलं कसं नाही?" अरे बावा, समजलं होतं ना! मले नाही, माह्या बायकोले, चतुरेले!

तुमाले सांगतो, साठ सालचा वैशाख, एका वकिलाची जुनी मोटार मी नुकतीच घेतलेली, आन् माह्या साळ्याचं, देवीदासचं, लगन अमरावतीले, बाराचा मुहूर्त. सारं वऱ्हाड रेल्वेनं गेलं, पण मी म्हतलं, नवरदेव येईन तं माह्या मोटारीतच येईन! रुबाब ना!

अकोला सोडलं, बोरगाव गेलं, आन् मोटार लागली हिसके द्यायले. चतुरा म्हणे, "अवो, हिले तेल पुरून नाही राह्यलं. आपल्या मळ्यातल्या इंजिनाचा पंप गेला तवा तेही अस्संच उचक्या देत होतं." म्हतलं, तुले काय समजते मोटारीतलं? रस्ता खराब हाय!

मंग आला चढ. मी पाय दाबून राह्यलो, दाबून राह्यलो, आन् बाजूनं एक छकडा पुढं गेला! छकडेवाला वरतून "रामराम" म्हणते! चतुरा म्हणे, "भार पडला का दम सुटते, पंपच हाय. आन् पेट्रोलचा वास कायचा?" म्हतलं, नवरदेवाचं अत्तर हाय! तुले काय समजते मोटारीतलं?

मूर्तिजापूरच्या पुढं… फुस्स! अर्धा घंटा थांबलो, चालू झाली. दोन मैल गेली, पुन्हा फुस्स! "तापली का बंद, निवली का चालू," चतुरा म्हणे, "आता तं आयका!" इकडं देवीदास रडकुंडीले, "भाऊजी, पोरीचा मामा लय तापट हाय, मुहूर्त टळला तं मांडवात दुसरा उभा करीन म्हणे!" म्हतलं, आता रुबाब गेला खड्ड्यात, पोराचं लगनच मोडते ना बावा!

चतुरा खाली उतरली, इंजिनावरचं झाकण उघडलं, समोर टांगलेली पाण्याची छागल काढली, आन् सांगतो तुमाले, नवरदेवाच्या डोक्शावरचा गुलाबी फेटा ओढला, भिजवला, आन् गुंडाळला पंपाले! "अवं, फेटा हाय ना तो!" "नवरीच गेली तं फेटा काय चाटता?"

चालली ना मोटार! दर दोन मैलाले विहीर पाहा, फेटा भिजवा, गुंडाळा… बाराले पाच कमी, आमी मांडवात! तोच वला फेटा डोक्शावर, अक्षता पडल्या, लागलं बावा लगन! मंग होम पेटवायले बसले भटजी. नाक फेंदारलं, इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, आन् एकदम वरडले, "फेटा उतरवा आधी! नाही तं होमाच्या आधी नवरदेवच पेटते!"

आता काय सांगू? अर्ध्या अकोल्यात कोणाचीही मोटार अडली का माणूस आमच्याच दारात. मी लगबगीनं पान्हा घेऊन उठतो, तं म्हणतात, "तुमी बसा भाऊ… वयनी हायेत का घरी?"

बोलावतो मंग तिले. मले काय समजते मोटारीतलं!