बेटावर रुसलेला जावई

मी सासुरवाडीला रुसलो होतो, हे मला बायकोकडून कळलं.

सासुरवाडी बदलापूरच्या पुढे. तिथे नदीच्या मधोमध एक चिमुकलं बेट आहे, त्यावर सासरे थंडीत वाल लावतात. यंदा शेंगांवर पोपट तुटून पडले. म्हणून मी आमच्या शहरातल्या कॅम्प पाच भागातल्या कपड्याच्या दुकानातला जुना पुतळा मागून आणला, त्याला माझीच जीन्स आणि जॅकेट चढवलं, बेटावर बुजगावणं म्हणून उभा केला आणि घरी परतलो.

समोरच्या काठावर नाना राहतात. नजर अधू, पण माणूस दिसला की हाक मारणारच.

"काय जावईबापू, चहा झाला का?"

उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. झालं, गावभर बातमी. बायकोला काकूचा फोन आला, "अगं, त्यांना काय कमी पडलं? थंडीचे बेटावर उभे आहेत, जेवायलाही येत नाहीत."

बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "काकू, ते इथे तिसऱ्यांदा पोहे घेतायत."

सासऱ्यांची अब्रू जायला नको म्हणून रविवारी बेटावर गेलो. पुतळा आडवा केला, त्याच्या जागी उभा राहिलो आणि ओरडलो, "नाना, तो पुतळा होता. खरा जावई मी."

तेवढ्यात माझ्या मागेच पोपटांचा थवा कलकलाट करत वालावर उतरला.

नानांनी तो कलकलाट नीट ऐकून घेतला. मग म्हणाले, "तुम्ही जावा घरी. त्यालाच उभा करा."