काकूंच्या नावापुरती सूट

नाव: बंद पाकिटात वेगळे दिले आहे. संस्थेत ‘वेबसाइटवाली’ म्हणून ओळख. वय: ४३ वर्षे. धंदा: वेबसाइट बनवणे व सांभाळणे. कामाचा पत्ता: सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. जबाब सुरू: दुपारी १.२०.

मी स्वतःहून ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, घर सोडून आलेल्या बायकांना जागा मिळवून देणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट मी पाच वर्षं सांभाळते. कोणत्या बाईला कुठे ठेवलं आहे ते तिथे लिहिलेलं असतं. सात कार्यकर्त्यांना लॉगिन केल्यावर, आपापल्या ड्यूटीच्या वेळेत ते दिसतं, इतर कोणालाही नाही.

लॉगिनच्या राखणीला मी एक तयार प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा आयता प्रोग्रॅम, बसवलं आहे. पासवर्ड तीनदा चुकला की ते त्या नावाला तासभर कुलूप लावतं आणि मला मेसेज पाठवतं. त्यात हूक नावाची सोय असते. म्हणजे कुलूप लावण्याआधी प्लगिन क्षणभर थांबतं, आणि तिथे आपल्याला आपल्या चार ओळी घुसवता येतात. हवालदारसाहेबांनी हे थोडक्यात सांगायला सांगितलं. थोडक्यात सांगितलं तर माझी चूक झाकली जाईल, म्हणून सविस्तर सांगते.

संस्थेच्या प्रमुख काकू ६९ वर्षांच्या आहेत. त्यांचा पासवर्ड हमखास चुकतो आणि मग मला फोन येतो, “अगं, तुझ्या राखणदाराने मलाच हाकललंय.” मागच्या वर्षी एका दिवसात असे चार फोन आले. मी वैतागले आणि हूकमध्ये लिहून टाकलं की नाव काकूंचं असेल तर कुलूप लावायचं नाही, मेसेजही पाठवायचा नाही. काकूंना हे सांगितलं नाही. मला तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते कुंपण मी आहे.

आज सकाळी अकराला काकूंचा फोन आला. त्यांच्या नावाने १०.१२ ला लॉगिन झाल्याचं त्यांना पानावर दिसत होतं आणि त्या वेळी त्या दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसल्या होत्या. मी नोंदी काढल्या. नऊ दिवसांत काकूंच्या नावाने ४१२ पासवर्ड चुकले होते. पुढचा बरोबर आला. नातीचं नाव आणि जन्मसाल.

आत आलेल्याने सत्तावीस बायकांपैकी एकीचंच पान उघडलं, अकरा वेळा. ते शिवणकाम करणाऱ्या ताईंचं आहे. त्यांच्या नवऱ्याने त्यांना याआधी दोनदा हुडकून काढलं आहे. दुसऱ्या वेळी त्यांचा डावा हात मोडला. त्याची नोंद याच ठाण्यात आहे.

पत्ता त्याला मिळाला नाही. पत्त्याच्या जागी मी शॉर्टकोड टाकला आहे. चौकटी कंसातला एक शब्द असतो तो. ज्याची ड्यूटी चालू असेल त्याला तिथे पत्ता दिसतो. काकूंची ड्यूटी दोनला सुरू होते. त्यामुळे त्याला ‘पत्ता दुपारी दोननंतर दिसेल’ एवढंच दिसलं.

साडेअकराला मी आणि काकू ताईंकडे गेलो. दुसरीकडे चला म्हणून विनवलं. ताईंनी मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाल्या, “पोरीने दोन शाळा बदलल्या. आता मी हलणार नाही. त्याला हलवा.”

साहेबांनी विचारलं की काकूंचं लॉगिन बंद का केलं नाही. बंद केलं असतं तर तो सावध झाला असता आणि दुसऱ्या कार्यकर्त्याच्या मागे लागला असता. नऊ दिवस चिकाटीने बसणारा माणूस आहे. म्हणून १२.४० ला मी ताईंचा खरा पत्ता पुसला आणि शॉर्टकोड बदलला. आता काकूंच्या नावाने येणाऱ्याला माझ्या खोलीचा पत्ता दिसेल. तो दिसला की मला मेसेज येईल, असा नवा हूकही लावला. खोलीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदारणीला घरी पाठवलं, सायकलवाल्याला शटर ओढायला लावलं आणि खोलीला कुलूप घालून इथे आले. कोणाला विचारलं नाही. साहेब रागावले ते बरोबर आहे.

काकू बाहेर बाकावर बसल्या आहेत. पासवर्ड आपल्याच हातून फुटला असं समजून त्यांनी संस्था सोडायची चिठ्ठी लिहिली आहे. पासवर्ड सोपा होता हे खरं, पण तीन प्रयत्नांत तो कोणालाच सापडला नसता. चारशे बारा मी दिले. हे काकूंना मी अजून तोंडाने सांगू शकले नाही. लाज वाटते. हा कागद त्यांना वाचायला द्यावा.

जबाब चालू असताना २.०३ ला मेसेज आला. पत्ता उघडला गेला. साहेबांनी चौघांना घेतलं. मला इथेच थांबायला सांगितलं होतं, पण किल्ली माझ्याकडे होती. पुढचा मजकूर जागेवर लिहिला आहे.

२.२६ ला आम्ही सायकलच्या दुकानाआड उभे होतो. माझ्या दारासमोर एक इसम होता. हातात पोरीसाठी आणलेली बाहुली होती. तो हळू आवाजात म्हणत होता, “उघड ना. मी काही करणार नाही.” आत कोणी नव्हतं. पोलिसांनी त्याला धरलं. पॅन्टच्या खिशात हातोडी मिळाली. ताईंच्या पानावरच्या फोटोतला नवरा तो हाच, हे मी ओळखून सांगते.

वरचं सगळं हवालदारसाहेबांनी माझ्याच खोलीत मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच उतरलं आहे. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.