आडनाव सोडून

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन मैत्रिणी होत्या, समाजकार्याच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या.

“निवारागृहातलं काम संपलं ना? मग चेहरा का असा?”

“तिथे काका भेटले. बाबांचे थोरले भाऊ. दोन वर्षांपूर्वी भांडून घर सोडलेले.”

“अगं, मग?”

“मॅडम शेजारीच होत्या. मी विचारलं, ‘आजोबा, नाव काय तुमचं?’”

“ओळखच दाखवली नाहीस?”

“लाज वाटली. अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट, पायांत दोन वेगळ्या चपला.”

“आणि ते?”

“त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतं नाव सांगितलं. आडनाव गाळलं. ‘नातेवाईक?’ विचारलं तर म्हणाले, ‘कोणी नाही, ताई. तसंच लिहा.’”

“लिहिलंस?”

“लिहिलं. मला ‘ताई’ म्हणाले गं. खांद्यावर बसवून शाळेत न्यायचे मला.”

“घरी सांगितलंस?”

“तोंडच उघडत नाही. त्यात आज मॅडमनी माझा अहवाल वर्गात वाचून दाखवला. म्हणाल्या, माणसांशी बोलायचं कसं, हे हिच्याकडून शिका.”

“बस आली बघ.”

“तू हो पुढे. मी तिकडे जाऊन येते.”

“काय सांगशील त्यांना?”

“माहीत नाही. आधी सगळ्यांसमोर काका म्हणून हाक मारते.”