तात्यांच्या गाडीचे शॉकअप

हं, सरका मंडळी, सरका पुढं! देवाच्या दारात मांडी पसरून बसायचं नसतं. मागच्या आयाबायांना ऐकू येतंय का? येतंय! मग आज एक अवघड प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. वाईट वागणाऱ्याला पाप लागतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण चांगलं वागणाऱ्याला? माणूस दुसऱ्यासाठी घाम गाळतोय, जीव ओततोय, आणि ते भलं करता करताच त्याला छळतोय — असं होतं का? उगाच माना हलवू नका! आधी ऐका, मग हलवा.

तर श्रीपती थोरवे नावाचे एक गृहस्थ. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. एसटीत ड्रायव्हर होते — तीस वर्षं! तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, चाकाखाली कोंबडी नाही. रिटायर झाले तरी रुबाब तोच. घरी एक छोटी पांढरी चारचाकी होती, सोळा वर्षांची झालेली. तिला रोज फडक्यानं पुसायचे, आरसा नीट करायचे, आणि मगच बूड टेकायचे. कुणी म्हणालं, ‘तात्या, बदला की आता,’ तर म्हणायचे, ‘गाडी म्हातारी होत नसते रे, चालवणारा म्हातारा होतो!’ असा कडक माणूस.

नोकरीत त्यांचा कंडक्टर होता वामन. एका रूटवर दोघं अठरा वर्षं! डबा एक, चहा एक, शिव्यासुद्धा वाटून खायच्या. तो वामन देवाघरी गेला. मागं राहिली त्याची बायको, अनुसयाबाई. लेक लांब दिलेली. आणि बाईच्या दोन्ही किडन्या गेल्या! आता सोमवारी आणि गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात जायचं, चार तास मशीनला पडून राहायचं, रक्त धुऊन घ्यायचं. चौतीस किलोमीटर लांब! चुकवलं, की अंगात पाणी साठतं, श्वास कोंडतो. मग कोण नेणार?

तात्या दारात उभे राहिले. म्हणाले, “वहिनी, वामन असता तर त्यानं नेलं असतं. तो नाही, मी आहे. बसा गाडीत.”

काय माणूस, सांगा! दोन वर्षं हो! एक सोमवार चुकला नाही, एक गुरुवार चुकला नाही. लोक म्हणायचे, पुण्य कमवावं तर तात्यांनी. आणि तात्यांनाही ते ऐकू यायचं बरं का! असं काही आपल्याला लांबूनसुद्धा स्वच्छ ऐकू येतं.

आता वहिनी बसायच्या कुठं? मागं! पुढची सीट मोकळी, पण नवऱ्याचा मित्र म्हणजे भाऊजी, भाऊजींच्या शेजारी बसायचं कसं? पदर सावरून मागं, डाव्या बाजूला, दारावरच्या कडीला धरून. तात्यांनीही कधी ‘पुढं या’ म्हटलं नाही. रीत ती रीत!

पहिलं वर्ष बरं गेलं. मग काय झालं, रस्त्यात खड्डा आला, की मागून आवाज यायचा — “आई गं!” तात्या म्हणायचे, “रस्ता खराब आहे वहिनी.” पुन्हा खड्डा, पुन्हा “आई गं!” तात्या सरपंचाला शिव्या घालायचे, कंत्राटदाराला घालायचे, पावसाला घालायचे. गाडीला? छे! गाडी आपली, ती कशी चुकेल?

मग तात्यांना दया आली. त्यांनी मागच्या सीटवर गोधडी टाकली. पुढच्या महिन्यात दुसरी टाकली. मग तिसरी! तीन गोधड्यांवर वहिनी बसल्या, आणि खड्डा आला, की डोकं छताला! ठण्! हसता काय? त्या बाईला विचारा! नंतर पारावर कुणीतरी अक्कल पाजळली — ‘तात्या, गाडी हलकी आहे म्हणून उडते. डिकीत वाळूची पोती टाका.’ तात्यांनी लगेच दोन पोती टाकली! गाडी मागून बसली, पुढून वर झाली, दिवे आभाळाकडं. आणि उडायची ती उडतच राहिली. एवढ्या वर्षांचा ड्रायव्हर, पण गाडीखाली वाकून बघायला तयार नाही!

आणि एका गुरुवारी वहिनी म्हणाल्या, “आज नको भाऊजी. उपास आहे.”

बरं. सोमवारी म्हणाल्या, “आज पाहुणे यायचेत.” पाहुणे कुठले? दारात कुत्रं नव्हतं! पुढच्या गुरुवारी तात्या गेले, तर वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. पाय सुजून खांबासारखे. तोंड सुजलेलं. श्वास घेताना घशातून घरघर.

तात्या भडकले. “वहिनी, काय चाललंय? मी गाडी घेऊन दारात उभा राहतो, आणि तुम्ही उपास सांगता, पाहुणे सांगता! मरायचंय का तुम्हाला?”

बाईनं मान खाली घातली. हळूच म्हणाल्या, “पुरे झालं भाऊजी. मला न्हाई जमत आता.”

मंडळी, तात्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हा माणूस घाटात ब्रेक तापले तेव्हा घाबरला नव्हता, तो त्या ओसरीवर घाबरला. मित्राला मनातल्या मनात शब्द दिलेला, आणि मित्राची बायको मरायला तयार बसलेली! त्यांनी शेजारणीला हाक मारली, दोघांनी मिळून वहिनींना उचललं, गाडीत घातलं. गाडी निघाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तात्यांनी आरशातून मागचा रस्ता नाही, मागचं माणूस बघितलं. बाईनं डोळे मिटलेले, दात ओठात रुतलेले. एकदाही “आई गं” नाही. म्हणजे ओरडायचंसुद्धा सोडून दिलेलं! शेवटच्या वळणावर ब्रेक मारला, तर गाडीचं नाक खाली बुडालं, बूड हेलकावलं, आणि पुढून खट्ट खट्ट असा आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टर चिडले. “अजून एक दिवस थांबला असता, तर ‘आता कशाला आणलंत’ म्हणायची वेळ आली असती!” वहिनींना मशीनला लावलं. चार तास! तात्या बाकावर बसले. बसवेना. तो खट्ट आवाज डोक्यातून जाईना. उठले आणि नाक्यावरच्या दस्तगीर मिस्त्रीकडं गाडी घेऊन गेले.

दस्तगीर मिस्त्री म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. तात्या सांगायला लागले — मागं बसणाऱ्या वहिनी, रस्ता, सरपंच, वाळू, गोधड्या. मिस्त्रीनं पुरतं ऐकलंच नाही. गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाबलं आणि सोडलं. धड गाडी एकदा वर येते आणि गप बसते. ही? वर-खाली, वर-खाली, वर-खाली! कीर्तनात डुलकी लागलेल्या माणसाची मान जशी — ते बघा, खांबाजवळचे पाहुणे! — तशी डोलत राहिली. मिस्त्री आडवा होऊन खाली शिरला, बाहेर आला, काळी झालेली बोटं दाखवली.

“तात्या, धक्का खाणारे चारी शॉकअप मेलेत. तेल गळून गेलंय सगळं. नुसत्या स्प्रिंगवर नाचतीय गाडी. वर तुम्ही वाळू लादली!”

“पण मला तर काही जाणवत नाही,” तात्या म्हणाले. “चांगली चालते की!”

मिस्त्रीनं हात पुसले. “चावी द्या. मागं बसा.”

“कुठं?”

“मागं. वहिनी बसतात तिथं.”

मंडळी, ऐका! सोळा वर्षांत तात्या आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसले नव्हते. ड्रायव्हर माणूस, मागं कशाला बसेल? बसले. मिस्त्रीनं गाडी फाट्यापर्यंत नेली आणि परत आणली. अहो, पहिल्या खड्ड्याला तात्यांची जीभ दातात सापडली! दुसऱ्याला डोकं छताला. पुढं बसलेल्याला खड्डा दिसतो, हातात स्टेअरिंग असतं, तो आधीच अंग आवळून घेतो. मागच्याला काय दिसतं? पुढच्याचं डोकं! एका किलोमीटरमध्ये तात्यांनी दोन्ही पाय पुढच्या सीटला रोवले. कडी धरली, तर तिच्यावरचं प्लास्टिक झिजून गेलेलं. वहिनींच्या एका हातावर मशीनच्या सुयांनी भोकं, तो हात त्या छातीशी धरायच्या, आणि दुसऱ्या हातानं ही कडी. चार तास रक्त धुऊन गळून गेलेली बाई, आणि मग परतीचे हे चौतीस किलोमीटर!

तात्या गाडीतून उतरले आणि गॅरेजात पडलेल्या जुन्या टायरवर बसले. त्यांना कळलं! बाई उपचाराला कंटाळली नव्हती हो — ती तात्यांच्या गाडीला भ्याली होती. मरण परवडलं, पण ही गाडी नको!

“एवढे दिवस बोलल्या का नाहीत?” तात्यांचा आवाज फाटला. “सांगायचं की एकदा!”

मिस्त्री म्हणाला, “तुमच्या गाडीत बसून तुम्हाला कशा सांगणार?”

बघा! एवढंच बोलला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मग बाह्या सरसावल्या. “तीन तास आहेत. कर सगळं.” तरी खोड जाते का? म्हणाले, “मागचे दोनच बदल, पुढचे चालतील.”

मिस्त्री उखडला. “पुढचे गेलेत म्हणून ब्रेक मारल्यावर गाडी नाक खुपसती! तेव्हा मागचं माणूस पुढच्या सीटवर आदळतं. बदलायचे तर चार, न्हाईतर दुसरं गॅरेज बघा!”

चार तर चार! वाळूची पोती बाहेर. गोधड्या बाहेर. जॅक लागला, चाकं उतरली. गंजलेला एक नट काही सुटेना — तात्यांनी स्वतः पान्याला पाइप लावून लोंबकाळून सोडवला. पुढचे दोन नवे, मागचे दोन नवे, वरची झिजलेली रबरंही नवी. शेवटी चाकं सरळ रेषेत लावून घेतली. मिस्त्रीनं पुन्हा कोपरा दाबला. गाडी एकदा वर आली आणि गप उभी राहिली.

तात्यांना उशीर झाला. दवाखान्यात पोचले, तर वहिनी बाकावर बसलेल्या, चेहरा पांढरा फटक, पण श्वास मोकळा. तात्यांच्या हाताला काळं तेल, सदऱ्याला गंज.

“वहिनी,” ते म्हणाले, “चुकलो मी. आज मागं बसून बघितलं.”

बाई उठल्या, पदर सावरला, गाडीत बसल्या. गाडी निघाली. नाल्याजवळचा मोठा खड्डा आला. वहिनींना तो पाठ! त्यांनी कडी घट्ट धरली, डोळे मिटले. गाडी खाली गेली, वर आली, पुढं चालू लागली. बाईंनी डोळे उघडले. पुढच्या खड्ड्याला कडी धरली, पण जरा सैल. त्याच्या पुढच्या खड्ड्याला हात मांडीवर होता. तात्या आरशातून बघत होते.

घर आलं. तात्या खाली उतरले. दार उघडून धरलं. हाताचं काळं पुसायला गेले, जाईना. शेवटी म्हणाले, “वहिनी... सोमवारी येऊ का?”

बाई उतरल्या. तात्यांच्या काळ्या हातांकडं बघितलं. म्हणाल्या, “या की. नेहमीच्या वेळेला. आणि भाऊजी —”

“काय?”

“तो हॉर्न जरा कमी वाजवत जावा. दोन वर्षं झाली, डोकं उठतंय माझं!”

बोला! तात्या त्या दारात लहान पोरासारखे रडले आणि रडता रडता हसले. दोन वर्षांत लोकांनी त्यांना पुण्यवान म्हटलं, देवमाणूस म्हटलं, पण एवढा आनंद कधी झाला नव्हता. का? कारण वहिनींनी तक्रार केली! उपकाराखाली दबलेलं माणूस तक्रार करत नाही हो, ते मुकाट हसतं आणि मनात मरत असतं. तक्रार करतं ते आपलं माणूस!

आता सांगा, चांगलं करताना पाप घडतं का? हलवा आता माना! तुमच्या घरात बघा. म्हाताऱ्या आईला सांभाळता ना? सुनेला ‘मुलीसारखी ठेवली’ म्हणून गावभर सांगता ना? भावाच्या पोराला शिकवताय ना? चांगलं करताय, कोण नाही म्हणतं! पण त्यांना एकदा विचारा — ‘माझं काय टोचतं तुला?’ आणि विचारल्यावर गप्प बसा. रस्ता, सरपंच, पाऊस — काही काढू नका. पहिल्यांदा ते म्हणतील, ‘काही नाही, सगळं छान आहे.’ विश्वास ठेवू नका! पुन्हा विचारा.

मी इथं उभा राहून शहाणपणा शिकवतो, तर माझंही ऐका. ही आमची पेटी वाजवणारे शंकरअण्णा, अकरा वर्षं माझ्याबरोबर फिरतात. गोष्ट बसवत होतो, तेव्हा मी त्यांना विचारलं, ‘अण्णा, माझं काही टोचतं का?’ म्हणाले, ‘छे छे बुवा!’ मी पुन्हा विचारलं. तर अण्णा अर्धा तास बोलत होते!

हसा, हसा! पण उद्या सकाळी तुमच्या घरी तो अर्धा तास व्हायला हवा. आता हात वर करा, आणि मोकळ्या गळ्यानं देवाचं नाव घ्या — विठ्ठल, विठ्ठल!