संत्र्यावरचा नंबर

पांढुर्णा स्टेशन. बाकावरचं कोवळं ऊन. नदीपलीकडच्या सावरगावकडून येणारा देवळातल्या घंटेचा आवाज. दिल्लीच्या अफिलिएट मार्केटिंग परिषदेहून परतलेला हेमराज. त्याला न्यायला आलेली बहीण पूनम.

"आला का कोन्या कंपनीचा फोन?"

"वाट पाहून राहिलो, ताई. नाही आला तं पुन्हा नागपूरच्या दुकानात नोकरी."

"पन काम काय असते?"

"आपल्या लिंकवरून गिऱ्हाईकानं माल घेतला, का आपल्याले कमिशन."

"म्हंजे मंडीतला दलाल!"

"तसंच. तिथं सारे कार्ड वाटून राहिले होते. मी फोन नंबर चिकटवून आपले संत्रे वाटले."

"मंग?"

"साऱ्यायनं तिथंच सोलून खाल्ले. हॉलभर आपल्या बगीच्याचा वास. डोळे मिटले तं मी आपल्या गावात, तिगावातच."

"आन नंबर?"

"सालीसंगं गेले."

"बाप्पा! पागल आहेस का रे?"

"वास भल्ला गोड होता पन."

परिषदेतून निघताना एका कंपनीच्या बाईंनी आपलं संत्रं न सोलता पर्समध्ये टाकलं होतं.