पुढच्या रविवारपर्यंत टचपॅड

तुम्हाला हसू येईल, पण आमचा संसार दोन महिने टचपॅडवर चालला. आमचे हे नोकरीला बेंगळुरात, मी बाळाला घेऊन मिरजगावात. ऑफिसातला जुना लॅपटॉप यांनी लिनक्स नावाची प्रणाली टाकून मला शिकायला ठेवला होता, पण टचपॅडवर कितीही बोट फिरवलं तरी पडद्यावरचा बाण काही हलेना. मला आधी वाटलं, माझंच बोट वाईट.

फोन शेजारच्या काकूंकडे, दर रविवारी. काकू समोरच बसायच्या, मग करमत नाही म्हणून सांगायचं कसं? आम्ही आपलं टचपॅडचंच बोलायचो. हे सेटिंगच्या फाइलमधली एखादी ओळ सांगायचे, मी ती वहीत उतरवून घरी येऊन बदलायचे, आणि निकाल पुढच्या रविवारी.

"लई नाजूक दिसतंय गं तुझं यंत्र," काकू म्हणायच्या. "आन् बिघाड सांगताना हसती कशापायी?"

एका मंगळवारी बाण हलला. मी आनंदाने ओरडले, आणि मग मनात आलं, आता रविवारी बोलायचं काय?

रविवारी यांनी विचारलं, "चालला का?"

काकूंकडे पाहत मी म्हणाले, "नाही हो, अजून नाही."

पलीकडून हे म्हणाले, "बरं झालं."