दुसरीचं बोलताना

हॅलो? … हं, बोल. येतोय आवाज… थांब, जिन्यात येते. हॉलमधल्या खुर्च्या आवरतायत, नुसता खडखडाट चाललाय… हं, आता बोल. काकू कशा आहेत?

…बाथरूममध्येच पडल्या ना? … खुब्याचंच हाड? … मग ऑपरेशन? … उद्या सकाळी. बरं. तू काही खाल्लंस का? … चहाला खाणं म्हणत नाहीत, गोळीबाई.

…हो, हो… अगं, सांगते ना. लागला निकाल.

…तुझं झालं.

…हॅलो? आहेस ना? … तुझं झालं गं. आणखी वर्षभर तुझ्या कंपनीला इथं इनक्युबेटरमध्ये टेबल, माणसांच्या पगाराला मदत, सगळं. औषधाची मुदत संपायच्या आत दवाखान्याला कळवायचं, हे तुझं काम समितीला एकदम पटलं.

…मीच मांडलं. दुसरं कोण मांडणार? सकाळी तुझा मेसेज आला तशी इथल्या मॅडमकडे गेले. म्हटलं, तिची आई दवाखान्यात आहे, तिच्या जागी मी बोलू का? म्हणाल्या, येत असेल तर बोल. येत असेल तर म्हणजे काय… इतके शुक्रवार काय झोपा काढल्या का आपण?

…हो ना, आपलीच टूम. स्वतःच्या कामाबद्दल बोलायची वेळ आली की तू, मी, शिवणवाली, आपल्या सगळ्याजणींचा आवाज बसतो, म्हणून शुक्रवारी एकीनं दुसरीची कंपनी मांडायची. तुझी माझ्या वाट्याला आली आणि मला तोंडपाठच झाली.

…माझं? … माझं नाही झालं.

…अगं, जागाच एक होती. ठाऊक होतं ना आपल्याला… नाही, ऐक ना. तू त्यांना काही कळवायचं नाहीस. … सोडते म्हणजे? भाजी आहे का ती, नको असली की परत ठेवायला? … अगं ऐक. आधी मी माझं मांडलं, मग तुझं. सगळं झाल्यावर समितीतले ते वयस्कर गृहस्थ म्हणाले, बाई, मैत्रिणीच्या कामावर तुमचा जेवढा विश्वास आहे, तेवढा स्वतःच्या कामावर दिसला नाही.

…हो, सगळ्यांदेखत. … लागलं ना. फार लागलं. कारण खरं होतं ते. माझ्या वेळी मी आकडे वाचत होते, बसचे थांबे किती, प्रवासी किती. तुझ्या वेळी मला कागदही लागला नाही.

…बास झालं आता. मिटवते दुकान. … नाही गं, रागानं नाही म्हणत. … मला भीती कसली वाटते सांगू? कंपनी जाईल याची नाही. तुम्ही जाल याची. तुझा पहिला दवाखाना कसा मिळाला, आठव. शिवणवालीच्या जावेची ओळख. माझ्या पहिल्या प्रवाशांना तुझा भाऊ धरून घेऊन आला. असं एकीचं दुसरीत अडकलेलं सगळं. इथलं माझं टेबल गेलं की मी तुमच्यात कोण? पाहुणी.

…असं तू आत्ता म्हणतेस. … हो… हो, कळलं… डोळे पूस बरं आधी, लोक बघतील.

…कोण? काकू? … अगं, त्यांना कशाला त्रास… बरं, दे.

काकू? … हो, मीच, बसवाली. फार दुखतंय का? … हो ना… छे हो, हुशार तुमची लेकच, मी नुसतं बोलले. … नाही, काकू. माझं नाही झालं. … असू दे.

…माझं काम? तिनं सांगितलं नाही कधी? … सांगितलं, पण डोक्यावरून गेलं. बरं. ज्यांना वाचता येत नाही ना, त्यांनी येणाऱ्या बसपुढे फोन धरायचा. बस कुठं जाणार ते फोन बोलून सांगतो. एवढंच आहे.

…सुचलं म्हणजे… मला मावशीनं वाढवलं, काकू. तिला अक्षरओळख नव्हती. थांब्यावर उभी राहायची आणि लोकांच्या तोंडाकडे बघायची. विचारायची लाज. कुणी आपणहून सांगितलं तर चढायची, नाहीतर बस जाऊ द्यायची. शाळेत मला बक्षीस मिळालं, त्या दिवशी ती पोचली तेव्हा शिपाई दारं लावत होता. म्हणाली, गाडीच नव्हती गं. कितीतरी वर्षं मला ते खरं वाटलं.

…नाही, हे नाही सांगितलं त्यांना. … हिलाही नाही. … वापरायला मावशी कुठं राहिली, काकू. फोन बोलायला लागला त्याच्या आधीच गेली.

…काय म्हणालात? … ती बाहेर गेलीय ना, मग जरा मोठ्यानं बोला… तुम्हाला? पण तुम्हाला तर वाचता… दिसत नाही? … बसची पाटी? … कधीपासून? … एवढे दिवस? आणि बाथरूमचा उंबरा? … तोही नाही दिसला.

…म्हणून पडलात.

…अहो, पण तिला का नाही सांगितलंत? … ती काम सोडून घरी बसेल म्हणून. काकू… अहो काकू. … नाही, मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आत्ता, ऑपरेशनच्या आधी, तिला आणि डॉक्टरांना. … ती काम सोडणार नाही. आम्ही सोडू देणार नाही. दुपारी शिवणवाली बसेल तुमच्याजवळ, संध्याकाळी मी. तिला काय, तोंडाचा पट्टा चालू ठेवायला कुणीतरी हवंच असतं.

…माझा तो फोन? … हो, तुम्हालाही सांगेल की. पाटी दिसली काय नि नाही काय, तो बोलणारच. … नाही, बंद नाही करणार. तुम्ही चालायला लागा, मग आपण दोघी थांब्यावर जाऊ. … शब्द दिला.

आता तिला हाक मारा. … मी आहे फोनवर. सांगा तुम्ही.

…

…

…हं. बोल. … मलाही आत्ताच कळलं गं. … नाही, तुझी चूक नाही. लपवायचंच ठरवलेल्या माणसापुढं कोण काय करणार? … तू डॉक्टरांना गाठ. मी निघालेच. … फक्त पर्स घेते. … नाही, टेबल नाही आवरत. ठेव आता, आले.